ओल जमिनीची आणि ओल कातडीची
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय आहे, पीक विम्याचा आहे, वीजबिलांचा आहे. त्या विषयांवर बोलणारी माणसे इथे बसली आहेत आणि ती आमच्यापेक्षा चांगली बोलतील. आम्ही मात्र अर्धा तास वेगळ्याच विषयासाठी मागून घेतला आहे. विषय आपल्या अंगावरच्या कातडीचा आहे. हिवाळ्यात ती का उलते, तिच्यातली ओल कुठे जाते आणि ती जागच्या जागी धरून ठेवायला काय करावे लागते, एवढेच सांगायचे आहे.

हसू नका. पाठीमागून कोणीतरी म्हणाले की शेतकी पदवीवाले आता टाचांचे मलम विकायला लागले. आमच्या पिशवीत मलम नाही. पण इथे बसलेल्या किती जणांच्या टाचांना या घडीला भेगा आहेत, ते जरा आपापल्या पायांकडे बघून सांगा. बायकांना विचारायची गरजच नाही. ज्या आज कापूस वेचून आल्या आहेत त्यांची बोटे बघितली की कळते.

कापूस अजूनही आपल्याकडे हातानेच वेचला जातो. वेचणीचा भर दिवाळी ते संक्रांत आणि त्याच्याही पुढे. म्हणजे वर्षातली सगळ्यात कोरडी हवा आणि वर्षातले सगळ्यात जास्त बोटांचे काम एकाच वेळी येते. वाळलेल्या बोंडाची टोके नखाच्या कडेला लागतात, ओरखडा उठतो, उललेल्या कातडीत तो ओरखडा चीर होतो. वेचणारीला मजुरी किलोवर मिळते. अंगठ्याला चीर पडली की किलो कमी होतात. त्याचा हिशेब कोणत्याही कृषी विद्यापीठाच्या उत्पादन खर्चात धरलेला आम्ही पाहिला नाही. बैलाचा खर्च धरतात, नांगराचा घसारा धरतात, हाताचा घसारा कोणी धरत नाही.

तेव्हा हा विषय शेतीचाच आहे, आणि तो आम्ही शेतीच्याच भाषेत सांगणार आहोत.

रब्बी ज्वारीचे उदाहरण घ्या. पाऊस संपल्यावर पेरतो आणि पुढे बहुतेक वेळा एक थेंब पडत नाही. पीक कशावर येते? जमिनीत साठलेल्या ओलीवर. म्हणून आपण कोळपतो. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' हे आपल्याला कोणी कॉलेजात शिकवले नाही. वरचा थर भुसभुशीत केला, भेगा बुजवल्या की खालची ओल वर येऊन उडून जात नाही. कोळपणीने जमिनीत पाणी येत नाही, असलेले जात नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण कातडीचेही अगदी तसेच आहे. आपण जे तेल लावतो ते कातडीला पाणी देत नाही. आतून येणारे पाणी उडू देत नाही.

आता त्याच ज्वारीच्या ताटाकडे बघा. पोटरीत आलेल्या ताटावर, पेऱ्यांजवळ आणि पानांच्या बगलेत पांढरी भुकटी दिसते. बोटाने पुसली तर बोटाला लागते. ते मेण आहे. ज्वारी कोरडवाहू पीक म्हणून टिकते त्यात या मेणाचा मोठा वाटा आहे. ज्या वाणांत हे मेण नसते ती ताटे जास्त पाणी गमावतात. माणसाच्या कातडीवरही असेच एक कवच आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी तो वहीच्या कागदापेक्षाही कितीतरी पातळ असतो. तळहात आणि तळपायावर तेवढा जाड. या थराला भिंतीची उपमा देतात. चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधला स्निग्ध भाग म्हणजे चुना. या चुन्यात तीन जिनसा असतात: सिरॅमाइड नावाचे स्निग्ध द्रव्य, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले. विटांच्या आतही काही द्रव्ये असतात, ती पाणी ओढून धरतात. त्यात अमिनो आम्ले आहेत, लॅक्टिक आम्लाचे क्षार आहेत आणि चक्क युरिया आहे. होय, आपल्या ओळखीचाच युरिया. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

भिंत शाबूत असली तर आतली ओल आत राहते आणि बाहेरचे विष, माती, जंतू बाहेर राहतात. चुना झिजला की दोन्ही कामे एकदम बिघडतात. ओल बाहेर जाते आणि नको ते आत येते. मग कातडी पांढुरकी, खरखरीत होते, नखाने ओढली तर रेघ उठते. पुढे खाज सुटते, मग चिरा पडतात.

हे हिवाळ्यातच का होते? थंडीने होते असे आपण म्हणतो, पण नुसत्या थंडीने होत नाही. कोरडेपणाने होते. पहाटे पारा दहा अंशांवर येतो, दव पडते. त्या वेळी एक घनमीटर हवेत नऊ ग्रॅमच्या आसपास वाफ असते आणि दहा अंशांच्या हवेला तेवढीच धरता येते. हवेचे पोट भरलेले असते. दुपारी दोन वाजता ऊन चढते, पारा अठ्ठावीसवर जातो. अठ्ठावीस अंशांची हवा सत्तावीस ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. पण आपल्या रानात तिला ती देणार कोण? ना नदी, ना कालवा. मग पहाटे पोट भरलेली हवा दुपारी दोन तृतीयांश उपाशी होते आणि मिळेल तिथून पाणी ओढते. जमिनीतून, पानातून, ओठांतून, टाचांतून. पावसाळ्यात हवा ओलीच असल्यामुळे तिची भूक कमी असते. त्यात उत्तरेचा वारा सुटला की विचारूच नका.

हवा आपल्या हातात नाही. पण भिंतीतला चुना आपण आपल्या हातांनी खरवडतो, त्याचे काय?

पहिले म्हणजे कढत पाणी. थंडीत चुलीवरचा हंडा वाफाळत असतो आणि अंगावर तांब्यावर तांबे कढत पाणी ओतायला बरे वाटते. पण तेलकट ताट गार पाण्याने निघत नाही आणि कढत पाण्याने निघते, हे भांडी घासणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तेच अंगावर होते. अंघोळ कोमट पाण्याची करावी आणि लवकर आटपावी. अंग लाल होईपर्यंत पाणी घेणे हा सुखाचा सौदा दुपारपर्यंत खाजेने वसूल होतो.

दुसरे साबण. इथे मातीपरीक्षणाचा कागद आठवा. त्यावर सामू लिहिलेला असतो. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक आठच्या आसपास असतो. निरोगी कातडीच्या वरच्या थराचा सामू पाचच्या जवळपास असतो, म्हणजे ती थोडी आंबट असते. आंबटपणा असेल तरच आतला चुना नीट तयार होतो. साधा साबण नऊ ते दहा सामूचा. धुण्याचा सोडा आणि चुलीतली राख त्याहून जहाल. साबण लावला की कातडीचा सामू वर चढतो आणि जागेवर यायला तास लागतात. दिवसातून एकदा लावला तर कातडी सावरते. पण आपल्या बायकांचे हात दिवसभरात किती वेळा साबण, सोडा, राख बघतात ते मोजा. सकाळची भांडी, पोरांचे कपडे, दूध काढायच्या आधी, शेण काढल्यानंतर, रात्रीची भांडी. त्या हातांना सावरायला मधे वेळच मिळत नाही. चोपण जमिनीवर पुन्हा पुन्हा खारे पाणी सोडण्यासारखेच हे आहे.

काळजी फार मोठी नाही. अंगाला रोज साबण लावायचा तर बगल, जांघ, पाय आणि जिथे मळ आहे तिथे लावावा. हातपायांच्या नळ्यांना, पाठीला थंडीत रोज साबणाची गरज नसते. भांडी राखेने किंवा घासायच्या वडीने घासली तर शेवटी हात साध्या पाण्याने नीट धुवावेत, बोटांच्या बेचक्यांत राख राहू देऊ नये, आणि हात ओलसर आहेत तोवर तेलाचे बोट फिरवावे.

तिसरे शेकोटी. शेकोटीवर बसू नका असे सांगण्याइतके आम्ही अरसिक नाही. शेकोटीवर गावाचे अर्धे राजकारण ठरते. पण पोटऱ्या आणि तळवे आगीला अगदी लावून तास-तास बसले की तिथली ओल पार उडते, आणि वर्षानुवर्षे असे केले की पोटऱ्यांवर जाळीसारखे काळे-तांबूस डाग पडतात. एक हात मागे सरकून बसा. अंगावर घोंगडी घेतली तर आगीच्या तोंडात जावे लागत नाही.

चौथे, ओले-कोरडे, ओले-कोरडे होणे. पहाटे दवात हात भिजतात, वाऱ्याने वाळतात, पुन्हा भिजतात. याने भिंत नुसत्या कोरडेपणापेक्षा लवकर खचते. म्हणून ओठ सुकले की जीभ फिरवायची सवय वाईट. पोरांना सांगून थकतो आपण, पण त्यांचे ओठ उलतात ते त्यानेच. हरभऱ्याच्या रानात तर आणखी एक भर असते. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब ही मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची असते. आंबेचे औषध करायला आपल्या आज्या पहाटे हरभऱ्यावर फडके पसरून ठेवत. तीच आंब उललेल्या बोटांत गेली की कशी चरचरते, ते भाजी खुडणाऱ्या बाईला विचारा. हरभऱ्याची भाजी खुडायची तर ऊन येऊन दव उडाल्यावर खुडा आणि घरी आल्यावर लगेच हात धुवा.

आता तेलाकडे येऊ. आम्हाला आज मुख्य जे सांगायचे आहे ते इथे आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने १९२९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना सगळे काही खायला दिले, फक्त स्निग्ध पदार्थ अजिबात दिला नाही. उंदरांची कातडी खवल्यांसारखी झाली, शेपट्या सडू लागल्या, वाढ थांबली. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की लिनोलिक आम्ल नावाचे एक मेदाम्ल दिले की हे बरे होते. हे आम्ल उंदराला आणि माणसाला शरीरात बनवता येत नाही, ते बाहेरूनच घ्यावे लागते. पुढे हेही उलगडले की आपण मघाशी ज्याला भिंतीतला चुना म्हटले, त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या सिरॅमाइडमध्ये हेच लिनोलिक आम्ल गुंफलेले असते. ते नसेल तर चुना धरत नाही.

मग हे लिनोलिक आम्ल सगळ्यात जास्त कशात आहे? आपल्या पारंपरिक करडईच्या तेलात. त्यात ते सुमारे पाऊण हिस्सा असते. सूर्यफुलाच्या साध्या तेलात निम्म्याहून जास्त. सरकीच्या तेलातही निम्मे. तिळाच्या तेलात चाळीस टक्क्यांच्या आसपास. शेंगदाण्यात त्याहून कमी. पामतेलात दहा टक्क्यांच्या आसपास. खोबरेल तेलात अगदी थोडे, पण खोबरेलाचे काम दुसऱ्या तऱ्हेने चालते. ते वरून झाकण घालते. कोरड्या कातडीवर खोबरेल तेल चांगले चालते हे फिलिपिन्समध्ये तपासून २००४ साली प्रसिद्ध झाले आहे.

नुसते कागदावरचे रसायन सांगतो आहोत असे वाटू नये म्हणून आणखी एक गोष्ट. बांगलादेशात ढाक्याच्या शिशु रुग्णालयात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावून पाहिले. अशा बाळांची कातडी इतकी कच्ची असते की तिच्यातून जंतू सरळ आत शिरतात. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की तेल लावलेल्या बाळांना रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला. महागडे यंत्र नाही, परदेशी औषध नाही, खायचे तेल. पुढे २०१३ साली इंग्लंडात मोठ्या माणसांवर तपासणी झाली. त्यात ऑलिव्ह तेलाने भिंत सैल पडली, सूर्यफुलाच्या तेलाने पडली नाही. म्हणजे सगळी तेले सारखी नाहीत. ऑलिव्हमध्ये ओलिक आम्ल जास्त आणि लिनोलिक कमी असते. शेंगदाण्याच्या तेलातही ओलिक बरेच असते. म्हणून घरात दोन्ही असतील तर अंगाला करडई किंवा सूर्यफूल लावा, शेंगदाणा फोडणीला ठेवा. दुसरे काहीच नसेल तर शेंगदाण्याचे तेलही न लावण्यापेक्षा बरे, असे आमचे मत आहे.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, रब्बी ज्वारीत करडईचे पाटे असायचे. काटेरी पीक, त्यामुळे गुरे शिरत नसत, आणि घरचे तेल गावच्या घाण्यावरून यायचे. तेच तेल खायला, तेच अंगाला. करडईचा पेरा गेल्या काही दशकांत ओसरत गेला. काटे टोचतात, काढणीला माणूस मिळत नाही, आणि भावाचे तर तुम्हाला आम्ही काय सांगावे. तिची जागा बाहेरून आलेल्या पामतेलाने घेतली. आपण स्वयंपाकघरातले तेल बदलले तेव्हा पायाच्या टाचांचाही विचार करायला हवा होता, असे कोणी म्हटले असते तर आपण वेड्यात काढले असते. आम्ही करडई पुन्हा पेरा असा आदेश द्यायला आलो नाही. भाव मिळाला तर शेतकरी पेरतो, न मिळाला तर पेरत नाही, त्याला उपदेशाची गरज नसते. पण धुऱ्याकडेला चार ओळी घरच्या तेलापुरत्या टाकायला हरकत नाही.

तेल लावायचे कसे, यावर मात्र नेमके सांगतो, कारण बहुतेक घरी चुकते ते इथे. आपण दिवाळीला पहाटे अंगभर तेल चोळतो आणि उटण्याने धुऊन टाकतो. एक दिवस ठीक आहे, सण आहे. पण थंडी चार महिने असते. शिवाय धुऊन टाकलेले तेल झाकण घालत नाही. अंघोळ झाल्यावर पंचाने अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे. अंग अजून ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, तळहातावर अर्धा चमचा तेल घेऊन हातापायांवर पसरावे. ओलीवर तेल बसले की ओल कोंडली जाते. पूर्ण वाळलेल्या कातडीवर तासाभराने कितीही तेल ओतले तरी कपड्यालाच लागते. कोळपणी वाफशावर करतो, जमीन दगड झाल्यावर नाही. तसेच.

टाचांचे वेगळे आहे. तळहात आणि तळपायांवर तेलाच्या ग्रंथीच नसतात. अंगाच्या बाकीच्या कातडीला स्वतःचे थोडे तेल मिळते, टाचेला ते कधीच मिळत नाही. वर सगळ्या अंगाचे ओझे, डोक्यावर कापसाचे गाठोडे, पायात मागून उघडी चप्पल किंवा काहीच नाही. ओझ्याने टाच कडेला पसरते आणि कोरडी जाड कातडी ताण सोसत नाही, फाटते. काळी जमीन भेगाळते तीही आधी सुकते आणि मग फाटते.

तर रात्री झोपायच्या आधी पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवा. वजरीने हळूहळू घासा, एकाच रात्री सगळे निघाले पाहिजे असा हट्ट नको, आणि ब्लेडने तर मुळीच तासू नका. टिपून घ्या. मग दाट काहीतरी लावा. टाचेला पातळ तेल पुरत नाही. आमसुलाचे तेल बाजारात मिळते, ते चांगले. पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि ओल कोंडण्यात तिच्याइतके दुसरे काही नाही, तिला हसू नका. घरी करायचे तर करडईच्या तेलात मधाच्या पोळ्याचे मेण मंद आचेवर वितळवून गार होऊ द्या, लोण्यासारखे होते. वर जुने सुती पायमोजे घाला, नसतील तर जुन्या धोतराची पट्टी बांधा. पंधरा दिवस नेमाने केले तर फरक दिसतो. दोन दिवस करून सोडले तर दिसत नाही.

आता युरिया. दवाखान्यात भेगांसाठी युरियाचे मलम देतात, दहा टक्क्यांपासून पंचवीस टक्क्यांपर्यंत. ते खरेच काम करते, कारण युरिया पाणी धरतो आणि जाड कातडी मऊ करतो. हे ऐकून उद्या कोणीतरी पोत्यातला युरिया पाण्यात कालवून टाचेला लावील, म्हणून आधीच सांगतो. खताचा युरिया औषधाच्या शुद्धतेचा नसतो. त्यात बाययुरेट असते आणि २०१५ पासून तो बहुतेक कडूनिंबाचे लेपण करून येतो. तो पिकालाच घाला.

यापुढचे जे आहे ते टाचांपेक्षा मोठे आहे. २०१७ साली ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसवर माणसे गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्याची कारणे अनेक होती. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, औषधांची मिसळ, अंगावर झेप नाही, वाऱ्याचा विचार नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की विष नाकातोंडातून जाते. ते कातडीतूनही जाते आणि फवारणाऱ्याच्या बाबतीत बरेचसे कातडीतूनच जाते. अमेरिकेत माणसांवर पॅराथिऑन या कीटकनाशकाचा अभ्यास झाला, तो १९७१ साली प्रसिद्ध झाला. हाताच्या कोपराखालच्या भागावर लावलेल्या औषधातले सुमारे नऊ टक्के शरीरात गेले. डोक्याच्या कातडीतून बत्तीस टक्के. वृषणावरच्या कातडीतून जवळजवळ सगळेच. आणि हे आकडे धडधाकट कातडीचे आहेत. उललेल्या, चिरा पडलेल्या कातडीला ही आडकाठीही उरत नाही.

हिवाळ्यात फवारणी थांबते का? नाही. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, हरभऱ्यावर घाटेअळी, कपाशी ठेवली असेल तर बोंडअळी. म्हणजे कातडी सर्वात फुटकी असते तेव्हाच पंप पाठीवर असतो. म्हणून नियम असा ठेवा. ज्याच्या हातापायांना उघड्या चिरा आहेत त्याने त्या दिवशी औषध कालवू नये आणि फवारू नये. घरात दुसरा माणूस नसेल तर दोन दिवस पुढे ढकलावे. अळी दोन दिवसांत सगळे रान खात नाही. अगदीच थांबता येत नसेल तर चिरेवर पट्टी, त्यावर रबरी हातमोजे, पायात बूट. आणि गळका पंप ही सगळ्यात मोठी वाट आहे. पाठीवरून झिरपलेले औषध कमरेखाली जिरते, म्हणजे बरोबर तिथे जिथली कातडी सर्वात कमी अडवते.

एक समज काही गावांत आहे. फवारायच्या आधी अंगाला तेल चोळले की औषध लागत नाही म्हणतात. हे अजिबात खरे नाही. जी औषधे पाण्यात टाकल्यावर दुधासारखी होतात ती मुळात तेलकट द्रावणात विरघळवलेली असतात. अंगावरचे तेल त्यांना अडवत नाही. फवारणीच्या दिवशी सकाळी तेल नको. काम झाले की गार पाण्याने, साबण लावून अंग धुवावे. त्या दिवशी साबण हवाच. मघाशी साबण कमी वापरा म्हटले ते फवारणीच्या दिवसाला लागू नाही. अंघोळ झाली, कपडे वेगळे धुतले, मग तेल.

आमच्या भावांना एक विचारायचे आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतो. त्याने वर्षभर जू ओढले, त्याच्या खांद्याची कातडी जपली पाहिजे हे आपल्याला कळते, आणि ते तूप वाया गेले असे कोणी म्हणत नाही. घरातल्या बाईने रात्री टाचेला चमचाभर तेल घेतले तर मात्र 'तेल काय भाव झाले आहे' असे आपण विचारतो. आम्ही हे घराघरांत ऐकले आहे. सासूच्या देखत सुना तेलाच्या बुधलीला हात लावत नाहीत, हेही पाहिले आहे. एका माणसाला रोज एक-दोन चमचे तेल लागते. महिन्याचा हिशेब तुम्हीच घाला आणि त्यासमोर तंबाखूच्या पुडीचा हिशेब ठेवा. आम्ही जास्त बोलत नाही.

बैठकीच्या आधी बहिणींनी काही प्रश्न चिठ्ठीवर दिले होते, त्यांची उत्तरे देऊन थांबतो.

विचारले आहे की तेलकट हाताने वेचले तर कापूस डागाळेल, मग व्यापारी भाव पाडील. बरोबर आहे. म्हणून बोटांना दाट तेल रात्रीच लावायचे. सकाळी दोन थेंब चोळून फडक्याने नीट पुसायचे, तेवढे कातडीत मुरते. शेतातून परत आल्यावर हात धुऊन पुन्हा लावायचे. बोटांना चिरा असतील तर वेचताना चिरेवर सुती पट्टी गुंडाळा.

एकीने लिहिले आहे की लेकराला रात्री फार खाज सुटते, तेल लावूनही जात नाही. रात्री खाज जास्त, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर बारीक पुरळ, आणि घरात एकाहून जास्त जणांना, असे असेल तर ती कोरडी कातडी नाही, खरूज आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे असते, नाहीतर एकाची दुसऱ्याला होत राहते. गोल चट्टा, कडेला लाल आणि मधे बरा, तो गजकर्ण असतो. त्यावर दुकानदाराने दिलेली गोरी करणारी, खाज थांबवणारी ट्यूब लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, मग चट्टा पसरतो आणि कातडी आणखी पातळ होते.

मधुमेह असलेल्या एका काकांचा प्रश्न आहे, त्यांना भेग पडते पण दुखत नाही. काका, दुखत नाही हेच वाईट. पायाची जाणीव गेली की काटा रुतलेलाही कळत नाही. रोज रात्री कंदिलाजवळ नाहीतर दिव्याखाली तळपाय बघा, दिसत नसतील तर आरसा धरा किंवा नातवाला बघायला सांगा. पाय कढत पाण्यात घालू नका, पाणी किती तापले ते आधी कोपराने बघा. तेल बोटांच्या बेचक्यांत लावू नका, तिथे ओल साचून कातडी कुजते. भेगेतून रक्त, पू, लाली, सूज यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना. आणि रानात उघड्या भेगेत माती-शेण जाते, तेव्हा धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवा. आठवत नसेल तर ते घ्या. सरकारी दवाखान्यात मिळते.

शेवटची चिठ्ठी पऱ्हाटी उपटण्याची आहे. तळहात सोलून निघतात. हाताने उपटू नका, चिमट्याने उपटा. गावात कोणाकडे तो नसेल तर लोहाराकडून दोन-तीन घरांत मिळून एक करून घ्या, आणि दांड्याला चिंधी गुंडाळा.